कागद जपणारी घरे आणि कागद वाहणारी माणसे

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहितो : साधनांवाचून इतिहास नाही. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. मीही माझ्या विद्यार्थीदशेत ते असेच लिहिले होते. ही साधने कुणाच्या घरात सापडतात आणि कुणाच्या घरात सापडत नाहीत, हा प्रश्न मात्र मला त्या वेळी पडला नाही. तो पडला जात पडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर. माझ्या हातात पदव्यांची सगळी प्रमाणपत्रे होती, आणि आजोबांचा एकही कागद नव्हता.

आमचे घर गोडदेवला आहे. भाईंदर पूर्वेचे हे जुने गाव आता इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. माझे वडील महाड तालुक्यातले आमचे गाव सोडून येथे आले आणि स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले. येताना त्यांनी आजोबांची पत्र्याची ट्रंक सोबत आणली. तिच्यात कपडे नव्हते. आजोबांनी मुंबईहून गावी पाठवलेली पोस्टकार्डे होती, ‘प्रबुद्ध भारत’चे काही अंक होते, आणि जलशात म्हणायच्या गाण्यांची एक वही होती. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचे अक्षर मोठे आणि ओळ तिरकी जाणारी.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या चाळीत कमरेइतके पाणी भरले. ट्रंक खाटेखाली होती. दोन दिवसांनी ती उघडली, तेव्हा वहीची शाई वाहून पाने निळसर झाली होती. वडिलांनी पाने सुटी करून दोरीवर कडक उन्हात टाकली. वाळल्यावर ती हातात धरताच मोडू लागली. आईने आठवडाभर वाट पाहिली आणि मग चिखलाच्या सामानाबरोबर तीही कचऱ्यात गेली. मी तेव्हा बारावीला होतो. घरातली दोन वेळची भाकर हीच त्या आठवड्याची चिंता होती, म्हणून आईला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

पुढे राखीव जागेवरच्या नेमणुकीसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागले, तेव्हा त्या ट्रंकेची किंमत कळली. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. बापाचा, आजाचा, चुलत्याचा शाळेचा दाखला. नाही तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. नाही तर महसुली उतारा. ज्यांना शाळेच्या पायरीवर बसायलाही जागा नव्हती, त्यांच्या नातवाकडे शासन त्या शाळेचा दाखला मागते. माझे नशीब असे, की गावच्या शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात आजोबांचे नाव सापडले. नावापुढे एका शब्दात जात लिहिली होती. माझ्या साऱ्या घराण्याचा १९५० पूर्वीचा लिखित इतिहास तेवढाच : एक नाव, बापाचे नाव, एक तारीख आणि ‘महार’. ती नोंद आमच्या घरातल्या कुणाच्या हातची नव्हती. दुसऱ्याने, दुसऱ्याच्या सोयीसाठी केलेली होती.

तेव्हापासून मी घराण्यांच्या कागदपत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. एखाद्या घराचे कागद टिकतात म्हणजे नेमके काय होते? त्यामागे कोणती व्यवस्था उभी असते? हे समजून घेण्यासाठी प्रथम दूरचे उदाहरण घेतो, कारण आपल्या घरातले जाळे दूरून लवकर दिसते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात ॲडम्स नावाचे घराणे होऊन गेले. जॉन ॲडम्स हे त्या देशाचे दुसरे अध्यक्ष, त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी ॲडम्स सहावे. इंग्रजांची वसाहत असल्यापासून या घरातली माणसे पत्रे लिहीत होती आणि आलेली पत्रे ठेवीत होती. जॉन आणि त्यांच्या पत्नी ॲबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. मुलाने तर जवळजवळ अडुसष्ट वर्षे रोजनिशी लिहिली. तिचे एक्कावन्न खंड आहेत. आपल्या ग्रंथांना आणि कागदांना आगीपासून वाचवणारी इमारत बांधावी, असे त्यांनी मृत्युपत्रात सांगून ठेवले, आणि त्याप्रमाणे १८७० मध्ये क्विन्सी गावात दगडी ग्रंथालय उभे राहिले. १९०५ मध्ये घराण्याने या कागदांसाठी विश्वस्त मंडळ नेमले. १९५६ मध्ये सारा ठेवा बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकला. ही संस्था १७९१ पासूनची. त्या कागदांची सूक्ष्मफीत काढली, तिची ६०८ रिळे झाली. ते संपादित करून छापण्याचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू आहे.

या हकिगतीत लेखणीइतकेच महत्त्व घराला आहे. चार पिढ्या तेच घर, त्या घराला तळघर आणि माळा, त्यावर दगडी ग्रंथालय, त्यामागे वकील, मृत्युपत्र आणि विश्वस्त. कागद टिकवायला स्थैर्य लागते. ॲडम्स घराण्याने गुलाम बाळगले नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु त्याच बोस्टनच्या संस्थेत दुसऱ्या एका थोर माणसाचे कागद आहेत. तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी सगळी माणसे जन्मतः समान आहेत असा जाहीरनामा लिहिला आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यांच्या शेतीच्या वहीत या माणसांच्या याद्या आहेत. कोण केव्हा जन्मले, कुणाला किती कापड दिले, कुणाला घोंगडी दिली, कुणाला किती धान्य. ज्या वहीने माणसाला मालमत्ता केले, तीच वही आज त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांची नावे शोधायला वापरावी लागते. माझ्या आजोबांच्या नावापुढच्या त्या एका शब्दाची जात हीच आहे.

जेफरसनच्या घरात सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. आपण जेफरसनचे पुत्र आहोत, असे तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्रात जाहीरपणे सांगितले. त्याचे सांगणे छापले गेले, तरी पुढची शंभर वर्षे बहुतेक नामांकित इतिहासकारांनी ते मानले नाही. जेफरसन घराण्याच्या कागदांत तसा उल्लेख नाही, एवढा पुरावा त्यांना पुरत होता. ॲनेट गॉर्डन-रीड या कृष्णवर्णीय विदुषीने १९९७ मध्ये ग्रंथ लिहून ही पद्धतच तपासली, आणि १९९८ च्या जनुकीय चाचणीने मॅडिसनच्या सांगण्याला बळ दिले. कागद बाळगणाऱ्याचे मौनही पुरावा ठरते आणि कागद नसलेल्याची साक्षही अफवा ठरते. आपल्याकडे याहून वेगळे काय घडले?

आपल्याकडे कागदाची थोरवी गाणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. नाना १८०० मध्ये वारले. त्यांच्या खासगी संग्रहातले कागद ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासकारांना परिचित आहेत. द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, त्याबरोबर हे कागदही तेथे पोहोचले. पुण्याच्या पेशवे दप्तराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी ते जाळले नाही, कारण इनामे खरी कोणती आणि खोटी कोणती हे ठरवायला त्यांना तेच कागद हवे होते. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्याआधी वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवीत होते. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण ते कुणाच्या माळ्यावर चढले? देशपांडे, देशमुख, कुलकर्णी, सरदार. महारवाड्यात माळा नव्हताच.

तरीही या रुमालांत आपली माणसे आहेत. वेठीच्या हुकुमांत आहेत, किल्ल्याच्या चाकरीत आहेत, बलुत्याच्या आणि मानपानाच्या तंट्यांत, महजरांत आणि निवाड्यांत आहेत. गावाची शीव कुठून जाते हे सांगायला महारालाच पुढे बोलावीत. त्याच्या तोंडच्या साक्षीवर पाटलाची जमीन ठरे, आणि ती साक्ष मोडीत उतरवून कुलकर्णी आपल्या दप्तरात बांधून ठेवी. गावचा सारा आणि गावचे टपाल तालुक्याला पोचवण्याचे कामही महाराचेच होते. ऊन, पाऊस, रात्र न पाहता त्याने इतरांचा कागद वाहिला. शेकडो वर्षे कागद त्याच्या हातातून गेला, त्याच्या घरात राहिला नाही. आणि हातात असलेला कागद वाचायची त्याला मुभा नव्हती. म्हणून आपल्याला कागदाची परंपरा नाही असे कुणी म्हणाले, की मला हसू येते. परंपरा आहे, ती वाहणाऱ्याची आहे.

कागद जपण्याला अर्थ किती, हे समजायला पुण्याला जायची गरज नाही. गोडदेवच्या मातीतच उत्तर आहे. मागच्या वर्षी मी विद्यार्थ्यांना सांगितले, की आपल्या जन्मापूर्वीचा घरातला एक कागद आणा. एका आगरी मुलाने खोताच्या कारभारातली जुनी पावती आणली. तिच्यावरून वर्गात चर्चा निघाली. १८७० मध्ये, म्हणजे ॲडम्सांचे दगडी ग्रंथालय उभे राहिले त्याच वर्षी, इंग्रज सरकारने भाईंदर परिसरातल्या जमिनीवरचे हक्क ९९९ वर्षांच्या मुदतीने एका गृहस्थाला दिले. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बंधारे राखावेत, ही त्यातली अट. हे हक्क पुढे एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्या कागदावरून एकविसाव्या शतकातही तंटे झाले. ही मुदत संपायला २८६९ साल उजाडेल! बंधाऱ्यावर चिखल वाहणाऱ्यांची, मिठागरात उघड्या पायांनी राबणाऱ्यांची नावे त्या करारात असण्याचे कारण नव्हते. करार टिकला, राबणाऱ्यांची नावे गेली.

त्याच वर्गात एका मुलीने आजीचे गिरणीतले बदली कार्ड आणले होते. एकाने रेशनकार्ड आणले. आठ-दहा मुलांनी काहीच आणले नाही आणि ती मान खाली घालून बसली. ती कुठल्या वस्त्यांतली होती हे मला विचारावे लागले नाही.

कुणी म्हणेल, गरिबाचे कागद गेले तर नवल काय? म्हणून आता आपल्यातल्या सर्वांत मोठ्या विद्वानाच्या कागदांचे काय झाले ते पाहू. ॲडम्स घराण्याने आपला ठेवा सोसायटीच्या स्वाधीन केला त्याच १९५६ च्या ६ डिसेंबरला दिल्लीत, २६ अलिपूर रोडवरच्या घरात बाबासाहेबांचे निर्वाण झाले. ते घर त्यांच्या मालकीचे नव्हते. ग्रंथांची, पत्रांची, टाचणांची आणि अपुऱ्या हस्तलिखितांची रास मागे राहिली. १९६७ च्या जानेवारीत त्या घरातून सामान बाहेर काढले गेले तेव्हा कागद उघड्यावर पडले आणि पावसात भिजले. पुढे ते कोर्टकचेरीच्या ताब्यात पेट्यांत बंद राहिले. ज्याने या देशाच्या संविधानाचा मसुदा घडवला, त्याच्या हस्ताक्षरातली पाने पावसात होती, हे वाचताना मला आमच्या चाळीतली दोरी आठवते. विद्वत्ता जगन्मान्य होती. पण घर भाड्याचे होते.

महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ मध्ये बाहेर आला. म्हणजे निर्वाणानंतर तेवीस वर्षांनी. १९८७ मध्ये ‘रिडल्स’ छापले गेले तेव्हा केवढे वादळ उठले, हे तेव्हाच्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. पेटीत कुजत पडलेला कागद कुणाला टोचत नव्हता; छापून आल्यावर टोचला. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातल्या, त्यांना सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेच्या आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. आणि २०२१ मध्ये या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा शासनाने जबाबदारी घेतली म्हणून आपण निश्चिंत झोपावे, असा काळ अजून आलेला नाही.

या कामात काही माणसे शासनाच्या आधीपासून उभी होती. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कागद जमवीत राहिले. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गोपाळबाबा वलंगकरांच्या काळापासूनच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्याला तेथे जावेच लागते. खैरमोड्यांकडे वाडा नव्हता, विश्वस्त मंडळ नव्हते. अमेरिकेत आर्तुरो शोम्बर्ग या कृष्णवर्णीय संग्राहकाने असाच ध्यास घेतला होता. आपल्या लोकांना इतिहास नाही, हे लहानपणी ऐकलेले वाक्य खोटे ठरवायला त्यांनी पुस्तके आणि कागद जमवले, आणि १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तो संग्रह दहा हजार डॉलरना घेतला. खैरमोडे आणि शोम्बर्ग यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमी. दोघांची भूक मात्र एकच.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेला असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांनीही तसे करावे असा त्यांचा विचार होता, म्हणून त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. हे पत्र आज आपल्याला वाचायला मिळते, कारण ते ड्यू बॉइस यांच्या कागदांत राहिले आणि ते कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सांभाळले. पत्राला दोन टोके असतात. एका टोकाला पाऊस पडला, तरी दुसऱ्या टोकाला ते जिवंत असू शकते. आपल्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजोबांची वही गेली, पण आजोबांबरोबर जलशात उभे राहणाऱ्यांच्या घरी कदाचित दुसरी वही असेल.

जेथे कागद मुळीच नाही, तेथे काय करायचे, हेही आपल्याच दोन स्त्रियांनी दाखवून दिले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव आणि वस्तोवस्ती गाठून बोलते केले. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. सभांना गेलेल्या, मोर्च्यात चाललेल्या, तुरुंगात गेलेल्या त्या बायांच्या घरी दप्तर नव्हते. दप्तर त्यांच्या तोंडी होते. ऐकणारे कान वेळेवर पोहोचले म्हणून ते वाचले.

म्हणून माझी कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे. आपल्या घरातली पेटी आजच उघडा. शाळेचा दाखला, बदली कार्ड, रेशनकार्ड, वतनाचा उतारा, सभेचे हँडबिल, वर्गणीची पावती, लग्नाची पत्रिका, पोस्टकार्ड, यातले काहीही क्षुल्लक समजू नका. आपल्या लग्नपत्रिकेवर देवाऐवजी बुद्ध आणि बाबासाहेब कोणत्या साली आले, हा धर्मांतराच्या इतिहासाचा पुरावा आहे. जुन्या कागदावर चिकटपट्टी लावू नका आणि तो प्लास्टिकमध्ये वितळवून बंद करू नका. दोन्हींनी कागद मरतो. धुतलेल्या सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवा. भिजला तर उन्हात टाकू नका, सावलीत कोऱ्या कागदांमध्ये दाबून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. हे आम्हाला २००५ मध्ये कुणी सांगितले असते तर! फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. हातातल्या फोनने प्रत्येक कागदाची प्रत काढा आणि ती निदान दोन घरांत ठेवा. शिक्षकांनी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट मागून घ्यावे आणि वस्तीतल्या कागदांची यादी करावी. मूळ कागद घरच्यांकडे राहू द्यावा, प्रत कपाटात ठेवावी. कागद काढून नेणारे आपल्या लोकांनी पुष्कळ पाहिले आहेत.

आता शेवटी ट्रंकेकडे येतो. ती अजून आमच्या घरी आहे, तळाला गंज चढलेली. गेल्या पावसाळ्यात मी वडिलांना सहज म्हणालो, “बाबा, वही गेली म्हणजे आजोबांची गाणी पण गेली.” कारखान्यात चाळीस वर्षे पॉलिशची धूळ खाऊन त्यांचा आवाज बसला आहे. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कागुद भिजला रं. माजं डोस्कं कुटं भिजलंय?” आणि त्यांनी बसल्या जागी एक गाणे म्हणायला सुरुवात केली. मधली दोन कडवी त्यांना आठवेनात. ती गावच्या आमच्या एका आत्याकडे सापडली.

तेव्हापासून दर रविवारी ते सांगतात आणि मी लिहितो. आतापर्यंत अकरा गाणी झाली आहेत. ती मी दोन वह्यांत उतरवली. एक ट्रंकेत आहे, आणि ट्रंक आता खाटेखाली नाही, कपाटावर आहे. दुसरी आत्याच्या घरी.